डोहाळ्यांची माती

बाबा, तुला 'तू' म्हणूनच लिहिते आहे. शाळेत बाईंनी वडिलांना 'अहो' म्हणायला शिकवलं तेव्हा मी घरी येऊन मोठ्या ऐटीत "अहो बाबा, जेवायला चला" म्हटलं होतं, आणि तू इतका हसलास की आईला वाटलं तुला ठसका लागला. "मी काय पावना हाय का गं?" म्हणालास. आपल्याकडे देवालाही अरे-तुरे करतात, तिथे बापाचं काय घेऊन बसायचं. सासरच्या लोकांना ते ऐकून धक्का बसायचा, अजूनही बसतो. आज मात्र हा 'तू' मला फार सोयीचा वाटतो आहे. जे लिहायचं आहे ते 'अहो' लावून लिहिता आलं नसतं.

तू गेलास त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. तेवढ्या वर्षांत तुझ्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तुझ्या फोटोला आई हार घालते, मी बाजूने निघून जाते. पण गेल्या आठवड्यात ताईची पोर माझ्याकडे आली. तिचं लग्न झालं, आणि आता तिला दिवस गेले आहेत. मी म्हटलं पेढे घेऊन आली असेल. ती स्वयंपाकघरात आली, पाटावर बसली आणि ओढणीचं टोक चावत म्हणाली, "मावशी, माझी आई कशानं गेली?" मी म्हटलं, तुला माहीत आहे की. तर म्हणाली, "बाळंतपणात गेली, एवढंच सगळे सांगतात. बाळंतपणात म्हणजे कशानं?" बघ ना, किती साधा प्रश्न. बाजारात गेली, माहेरी गेली, तशी बाळंतपणात गेली. एकदा असं म्हटलं की पुढे कुणाला काही विचारावं लागत नाही. ही पोर एकवीस वर्षं तेच ऐकत आली, आणि शिवाय गावात जे ऐकत आली तेही तिने त्या दिवशी बोलून दाखवलं. "मी आईला खाऊन आली म्हणतात. मग आता हे माझ्या पोटातलं मला खाणार का?" हे विचारताना ती रडत नव्हती. हिशेब चुकता करायची वेळ आली आहे असं समजून बसली होती. तिच्या डोक्यात हे पहिल्यांदा कुणी घातलं ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे.

ताईला आपण दिघाशीला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने सातव्या महिन्यात ओटी भरून तू तिला घरी आणलीस. दापोड्याचं आपलं घर तेव्हा नवं कोरं होतं. शेतं गोडाऊनवाल्यांनी घेतली होती, स्लॅब पडला होता, स्वयंपाकघरात काळा चकचकीत ओटा आला होता, आणि आई मात्र भाकऱ्या मागच्या पडवीत चुलीवरच थापायची. ताई तिथेच तिच्या शेजारी बसून असायची. सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडते आहे असं दाखवायची आणि निवडता निवडता मूठ तोंडात टाकायची. कच्चे तांदूळ खाणारीच्या लग्नात पाऊस पडतो म्हणतात, म्हणून मी तिची थट्टा करायचे, "लग्नात पाऊस पडला न्हाय, आता बारशाला पडंल बघ." मग एक दिवस आईने तिला चुलीच्या कडेची माती नखाने खरवडून खाताना पकडलं. आई ओरडली. तू ओसरीवरून आवाज दिलास, "तिला आरडू नको. डोहाळे हायेत ते. डोहाळे मारले तं पोराच्या तोंडातनं लाळ गळते." आणि आई गप्प झाली, कारण हे तिलाही तिच्या आईने सांगितलेलं होतं.

ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तू मोटारसायकल लावून पडवीत येतोस, हातात वर्तमानपत्राचा पुडा आहे, आणि तुझा चेहरा जत्रेतून खाऊ आणलेल्या माणसाचा आहे. पुडा तू ताईच्या मांडीवर ठेवतोस. आत भाजलेल्या मातीच्या वड्या आहेत, आणि कच्च्या मडक्यांच्या चार-दोन खापऱ्या. तू मुद्दाम कुंभारवाड्यात जाऊन, कुंभाराला सांगून, खडा-कचरा नसलेली माती भाजून घेतली आहेस. "वाईच पाणी शिंपर त्यावं," तू सांगतोस, "असा वास सुटंल, अत्तर झक मारंल. खा बाय. बापाच्या घरी आलीस, कनाची कमी नको." ताई लाजते, पदराआड वडी तोंडात घालते, डोळे मिटते. आई हसते. मीही हसते. तुझ्याइतका लाड करणारा बाप अख्ख्या गावात नाही असं मला त्या क्षणी वाटलं होतं, आणि ते खरंही होतं. राग यायचा तो त्याच्यामुळेच जास्त येतो.

तिचे ओठ पांढरे पडले होते. ओसरीच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागायची, आणि पाय सुजून चप्पल चढत नव्हती. यातलं काही लपलेलं नव्हतं. दिघाशीला येणाऱ्या नर्सने तिला सांगितलं होतं की अंगात रक्त कमी आहे, लाल गोळ्या घे आणि बाळंतपणाला ठाण्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. गोळ्यांनी पोट जड होतं म्हणून ताईने त्या टाकून दिल्या. आणि सरकारी दवाखान्याचं नाव काढताच तू असा काही चिडलास की जसं कुणी तुझ्या पंगतीत उष्टं वाढलं. "तिकरं भिकारी जातात. माझी बाय जमिनीवं गोधडी टाकून झोपंल? लोक काय म्हनतील, जमीन इकली आन पोरीला सरकारीत टाकली?" तुझ्या चुलतभावाच्या सुनेचं बाळंतपण भिवंडीत एसीच्या खोलीत झालं होतं. मग आपलं कसं कमी पडून चालेल? जमीन गेली आणि मान आला, तो मान आता कुठेतरी दाखवायलाच हवा होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते आपल्या आळीत त्या वर्षांत घरोघरी बघायला मिळत होतं.

तू ताईचं नाव घातलंस ते भिवंडीतलं नर्सिंग होम कापडाच्या दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर होतं. काचेचं दार, संगमरवरी गणपती, आणि भिंतीवर गुबगुबीत गोऱ्या बाळांचे फोटो. डॉक्टर आपल्या घरच्या गणपतीला येऊन बसलेला, तुझ्याबरोबर पत्त्यांचा एक डावही टाकलेला, म्हणजे घरचाच माणूस. मी ताईबरोबर तपासणीला जायचे. एकदा तिने हिय्या करून, खाली मान घालून त्याला सांगितलं, "डॉक्टर, मना माती खावीशी वाटते." तो हसला. "वा! मग बाबांना सांगा, पुरवा म्हणावं. डोहाळे आहेत." आणि ताकदीच्या औषधाची बाटली लिहून दिली. रक्त तपासलं नाही. पापणी ओढून बघितली नाही. आपल्या अडाणी घरात जे बोललं गेलं तेच त्याने खुर्चीत बसून म्हटलं, आणि तो म्हणाला म्हणून ते आणखी पक्कं झालं. घरी येऊन मी तुला सांगितलं तर तू मिशीवर हात फिरवलास, "बघ, मी काय बोल्लो?" त्याच आठवड्यात तू पुन्हा कुंभारवाड्यात जाऊन आलास.

कळा सकाळी सुरू झाल्या. तू स्वतः गाडी काढलीस. दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट नव्हती, ताई भिंतीला धरून धरून चढली. डॉक्टर नव्हता. दोन-तीन ठिकाणी तो जायचा, म्हणे येतीलच. आयाबाईने तिला आत घेतलं, कळा वाढायची सुई दिली. आपण बाहेर सोफ्यावर. खालच्या गल्लीतल्या कापड विणायच्या लूमचा खडखडाट एवढा की आपण एकमेकांशी ओरडून बोलत होतो. मग लाईट गेली. भिवंडीत लाईट गेली की शहर एकदम मुकं होतं, सगळे लूम एका दमात थांबतात. त्या शांततेत ताईचा आवाज भिंतीतून बाहेर आला. आई उठून दाराशी गेली, तुझ्या हातातला पेपर तसाच राहिला. जनरेटर सुरू झाला तो डॉक्टरच्या केबिनमधला पंखा आणि बाहेरची पाटी उजळायला. आत काय उजेड होता देव जाणे. थोड्या वेळाने पोर रडली आणि आपण सगळे हसलो. "मुलगी झाली," आयाबाई म्हणाली, "लक्ष्मी आली." तू खाली जाऊन पेढे घेऊन आलास. ते पेढे मी खाल्ले आहेत बाबा, त्यांची चव मला आठवते.

आयाबाई कापूस घेऊन आत जात होती आणि झाकलेली बादली घेऊन बाहेर येत होती. आईने विचारलं, तर म्हणाली, "थोडं जातंच." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आई स्वतः पाच बाळंतपणं काढलेली बाई, तिला थोडं आणि फार यातला फरक कळत नव्हता असं नाही. पण एसीची खोली, काचेचं दार, तिथे आईचा आवाजच फुटेना. "सायबाला बोलवा ना," ती एवढंच म्हणत राहिली. साहेब जेवून आला. आत गेला, आणि बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. चिठ्ठीवर काहीतरी खरडून तुझ्या हातात दिलं, "रक्ताच्या बाटल्या आणा." कुठून आणायच्या? "बघा कुठे मिळतात." पाटीवर चोवीस तास सेवा लिहिलेल्या दवाखान्यात रक्ताची एक बाटली नव्हती, आणि ती लागू शकते हे दोन महिन्यांच्या तपासणीत कुणाला सुचलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तू जिने उतरून पळालास. भर उन्हात तू गावभर फिरलास, या मेडिकलपासून त्या दवाखान्यापर्यंत, आणि घामाने निथळत रिकाम्या हाताने परत आलास. तोवर डॉक्टरने ते वाक्य तयार ठेवलं होतं. "इथे काही होणार नाही. पुढे न्या."

पुढे न्या! भिवंडीतल्या कितीतरी बायका या दोन शब्दांवर गेल्या असतील. जिथे न्यायचं ते सांगायचं नाही, न्यायला काही द्यायचं नाही, बरोबर कुणाला पाठवायचं नाही, नुसतं पुढे. त्यांची रुग्णवाहिका खाली उभी होती, दर्शनी भागात, धुतलेली, आणि तिचा ड्रायव्हर गावी गेला होता. चादरीच्या झोळीत घालून तू आणि दिघाशीहून येऊन पोहोचलेल्या भावजींनी ताईला दोन मजले खाली उतरवलं. तुझ्या नव्या गाडीच्या मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर तिचं डोकं आणि माझ्या मांडीवर पाय. पोर आयाबाईकडेच राहिली. तू अंजूरफाट्याकडून माणकोलीच्या रस्त्याला लागलास, लवकर हायवे लागेल म्हणून. आणि आपल्याच गावाच्या तोंडावर गाडी अडकली. एक लांबलचक कंटेनर गोडाऊनच्या गेटात मागे घेत होता, रस्ता दोन्हीकडून बंद. तू उतरलास, बोनेटवर हात आपटलास, "हटाव रे! मेरी बच्ची मर रही है!" कंटेनरवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "चाचा, आगे भी गाडी, पीछे भी गाडी. उडके जाऊँ क्या?" त्याचंही खोटं नव्हतं. ते गेट ज्या जागेवर होतं तिथे आपण लहानपणी भाताचे भारे वाहिले होते. मी खिडकीतून ते बघत होते आणि माझ्या पायावर ऊबदार ओल पसरत होती. ताईने एकदाच डोळे उघडले. "पोर कुठंय?" विचारलं. आई म्हणाली, "हाय, हाय, झोपलीय." त्यानंतर ती बोलली नाही.

ठाण्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण धावत आली. तिने नाडी बघितली, छातीवर दाब दिला, बराच वेळ खटपट केली, मग हात थांबवले. "इतक्या उशिरा का आणलंत? आधी आणायचं ना." एकाने म्हणायचं पुढे न्या, दुसऱ्याने म्हणायचं आधी आणायचं, मधल्या रस्त्यावर माणूस संपतं आणि कुणाच्याच अंगाला लागत नाही. पण ही बाई निदान बघत होती. तिने ताईची पापणी खाली ओढली, नखं पाहिली आणि तुझ्याकडे वळून विचारलं, "ही माती खायची का? खडू, खापऱ्या, कच्चे तांदूळ असं काही?" मी तुझ्या शेजारी उभी होते. ती सांगत होती की अंगातलं रक्त कमी झालं की बाईला माती खावीशी वाटते, ते डोहाळे नसतात, ती खूण असते, आणि अशा बाईचं थोडंही रक्त गेलं तरी ते तिला झेपत नाही. तू सगळं ऐकून घेतलंस. आणि मग म्हणालास, "न्हाय. आमच्या घरात असलं काय न्हाय. कवाच न्हाय."

मला त्या दिवसाचं बाकी सगळं समजतं, बाबा. तू मुद्दाम काही केलं नव्हतंस. तुला कुणी सांगितलं नव्हतं, ज्याने सांगायचं त्याने हसून टाळी दिली होती. तू तिथे खाली बसून "मी दिली तिला, माझ्या हातानं दिली" असं ओरडला असतास तर मी तुझ्या गळ्यात पडून रडले असते आणि आयुष्यभर तुझी झाले असते. पण तू नाही म्हणालास. आपल्या भाषेत अशा वेळी काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. ताईने माती खाल्ली ती रक्त नव्हतं म्हणून. तू खाल्लीस ती चारचौघात मान खाली जाऊ नये म्हणून.

पुढचं तर आणखी चांगलं. बाळंतीण गेली म्हणजे तिला गती मिळत नाही, हडळ होऊन पोरासाठी परत येते, असं थोरल्या काकीने ओसरीवर बसून सगळ्यांना समजावलं. तिरडी उचलली तेव्हा तुझ्या खांद्यावर पोरीची तिरडी आणि मागून चालणाऱ्याच्या हातात मोहरीचं सूप. घरापासून मसणापर्यंत मोहरी टाकत गेले, म्हणजे ती परत निघाली तर दाणे वेचत बसेल आणि उजाडेपर्यंत पोहोचणार नाही. अंघोळ करून आल्यावर तू हातोडी मागून घेतलीस आणि नव्या सागवानी उंबऱ्यात खिळा ठोकलास. आई चुलीजवळून बघत होती. "माझी पोर मना भेव दाखवाया येल व्हय रं?" ती म्हणाली. तू ऐकलं नाहीस, नाहीतर ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. ती जिवंत असताना एक रक्ताची तपासणी आपल्याच्याने झाली नाही, आणि मेल्यावर बंदोबस्त बघावा आपला! तो ठोकतानाचा आवाज मी अजून सहन करू शकत नाही. सुताराचं काम चालू असलं की मी घराबाहेर जाते.

डॉक्टर दहाव्याला आला, पांढऱ्या कपड्यांत. मला वाटलं आता काहीतरी होईल, तू त्याची कॉलर धरशील. तू त्याला खुर्ची दिलीस. त्याने हात जोडून सांगितलं, आम्ही शर्थ केली, काही केसेस हातात नसतात. आणि तू मान डोलावून म्हणालास, "डागतर, तुमचा काय दोस? पोर आईच्या मुळावं आली." मी दारात उभी होते. आधी तू भटजीला विचारून आला होतास, आणि त्याने पंचांग बघून सांगितलं होतं की मूळ नक्षत्र वगैरे काही नाही, दिवस चांगला आहे. म्हणजे पंचांगसुद्धा त्या पोरीच्या बाजूने होतं. पण तुला कुणीतरी हवं होतं. डॉक्टरवर बोट ठेवावं तर ते फिरून कुंभारवाड्याकडे आलं असतं. म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, आणि संन्यासी कोण, तर जिची नाळ अजून सुकली नव्हती ती. डॉक्टर चहा घेऊन गेला. त्याची पाटी कितीतरी वर्षं तशीच होती, मी येता-जाता बघत होते.

घरात एकाच वेळी सोयरही होतं आणि सुतकही. भावकीत त्यावर मोठा खल झाला की सुतकात पाचवी पुजायची की नाही. काकी म्हणाली, अशा पोरीची कसली पाचवी. मग आईने कुणाला न विचारता मागच्या पडवीत पाटा-वरवंटा मांडला, हळद-कुंकू वाहिलं आणि पोरीला समोर ठेवलं. मी विचारलं, हे कशाला आता? तर म्हणाली, "सटवाईला येऊं दे. लोकांनी हिच्या कपाळावं आदीच काय काय लिवून ठेवलंय, जागा उरली असंल तर तिनं पन लिवावं." आई एवढं लांब वाक्य त्या महिन्यात पुन्हा बोलली नाही.

दिघाशीवाले पोरीला न्यायला आले नाहीत. पांढऱ्या पायाची म्हणाले, आणि वर्ष सरताच भावजींचं दुसरं लग्न झालं. मी तुला एकदा म्हटलं होतं, तक्रार करू, मी लिहिते, तू फक्त सही कर. तू जेवत होतास. ताट बाजूला सारलंस. "दोन बुकं शिकलीस तं बापाला अक्कल शिकवतेस? कोर्टात जाऊन सांगू का, माझी पोर काय खात व्हती ते?" म्हणजे तुला आठवत होतं. त्या घटकेपर्यंत मला वाटत होतं की तू स्वतःलाच फसवून बसला आहेस, खरंच विसरला आहेस. त्या दिवसानंतर मी तुझ्या पानात वाढलं नाही. आणि ती पोर तुझ्याच घरात रांगली, चालली, बोलायला लागली, आणि तू मरेपर्यंत तिला एकदाही उचललं नाहीस. आई म्हणायची, त्याला तिच्या तोंडाकडे बघवत नाही, ती अगदी ताईसारखी दिसते. असेल. पण एवढ्याशा पोरीला ते कुठून कळणार होतं?

तर ती पोर गेल्या आठवड्यात माझ्या पाटावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. गॅस बंद केला, तिच्यासमोर खाली बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. तिच्या आईच्या अंगात रक्त नव्हतं आणि ते कुणी बघितलं नाही. तिला माती खावीशी वाटायची आणि शिकलेल्या डॉक्टरने त्याला डोहाळे म्हटलं. ती माती आजोबांनी आणून दिली, लाडाने आणली, हेही सांगितलं. वेळेवर डॉक्टर नव्हता, रक्त नव्हतं, गाडी नव्हती, रस्ता नव्हता. तू नव्हतीस या सगळ्यात कुठेच, असं मी तिला तिचा हात धरून म्हटलं. तू फक्त जन्माला आलीस. तिने चावलेलं ओढणीचं टोक सोडलं. मग म्हणाली, "म्हणजे ती वाचली असती?" मी म्हटलं, हो. हे ऐकून ती रडली, आणि मला हायसं वाटलं, कारण आता ती आईसाठी रडत होती. दुसऱ्या दिवशी मी वडप्याच्या गोडाऊनमधल्या माझ्या ड्युटीला दांडी मारली आणि तिला ठाण्याला सरकारी दवाखान्यात नेऊन नाव घातलं. रक्त थोडं कमीच निघालं. गोळ्या दिल्या आहेत. पोट जड होतं म्हणून तिनेही कुरकुर केली, तर मी तिला अशी काही शिवी हासडली की शेजारची बाई मागे वळून बघायला लागली. आता रोज फोन करून विचारते, गोळी घेतलीस का, आणि गिळल्याशिवाय फोन ठेवू देत नाही.

येताना रिक्षात तिने आणखी एक विचारलं. आधीचं सगळं विचारताना तिचा आवाज खडखडीत होता, हे विचारताना मात्र बारीक झाला. "मावशी, आजोबा मला कधी जवळ का घेत नव्हते? मी त्यांना पाण्याचा तांब्या न्यायची, हात पुढे करून उभी राहायची. ते म्हणायचे, ठेव तिकरं. मला आठवतं." मी इतकं सगळं खरं बोलले होते. डॉक्टरचं बोलले, दिघाशीवाल्यांचं बोलले, तुझ्या मातीचं बोलले. आणि हे उत्तर माझ्याकडे तयार होतं, एकवीस वर्षं घासून ठेवलेलं. तोंड उघडलं आणि काय म्हणाले माहीत आहे? "त्यांची पाठ धरलेली असायची गं. वाकता येत नव्हतं त्यांना." ती लगेच म्हणाली, "हां, म्हणून व्हय! मला उगाच काय काय वाटायचं." आणि खरोखर तिचा चेहरा मोकळा झाला. उतरताना भाडंसुद्धा तिनेच दिलं.

तुझी पाठ शेवटपर्यंत ठणठणीत होती. भाताची गोण तू एकटा उचलायचास. आई जिवंत आहे, उद्या पोरीने तिला विचारलं तर माझं खोटं उघडं पडेल, म्हणून मी आईलाही सांगून ठेवलं की पाठीचं विचारलं तर हो म्हण. आई माझ्याकडे बघत राहिली आणि हो म्हणाली. त्यामुळे हे पत्र कुणाच्या हाती लागता कामा नये. तुझ्या फोटोमागे ठेवायचीही सोय नाही, हार बदलायला आईच्या मदतीला ती पोरच येते. लिहून झालं की फाडून टाकणार आहे. ते खोटं मी तिच्यासाठी बोलले असं कालपर्यंत स्वतःला सांगत होते. थोडं तुझ्यासाठीही बोलले, बाबा.